बोअरच्या पाण्यातले मँगनीज काढणारा फिल्टर : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

तुमसर तालुक्यातल्या आमच्या घराच्या बोअरवर लोह आणि मँगनीज काढणारा फिल्टर बसवून आता चौदा महिने झाले. या यंत्राला कंपनीचे असे नाव नाही. टाकी एकीकडची, व्हॉल्व्ह दुसरीकडचा आणि आतला माल तिसरीकडचा आणून एका विक्रेत्याने तो जोडून दिला, आणि घरगुती वापराचे असे पुष्कळसे फिल्टर याच पद्धतीने तयार होतात. म्हणून हा अभिप्राय एखाद्या ब्रँडचा नसून या प्रकारच्या फिल्टरचा, तो बसवून देणाऱ्या सेवेचा आणि त्यासाठी मी चार वेळा करून घेतलेल्या पाणी तपासणीचा आहे. फिल्टर आज समाधानकारक काम करतो. मात्र बसवला त्या दिवशी तो अर्धेच काम करत होता, आणि राहिलेले अर्धे डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते.

मँगनीज हा शब्द आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांच्या पट्ट्यात मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी ही नावे खाणींमुळेच लोकांच्या तोंडी आहेत, आणि डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतला मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरींच्या कारखान्यांना जातो. परंतु बोअरच्या पाण्यात मँगनीज यायला शेजारी खाण असावी लागत नाही. खोल खडकात जिथे हवा पोहोचत नाही, तिथे पाण्यात प्राणवायू उरत नाही आणि अशा पाण्यात खडकातले मँगनीज आपोआप विरघळते. आमचे घर कोणत्याही खाणीपासून बरेच लांब आहे. बोअर मात्र २१० फूट खोल आहे.

हे पाणी मोटर सुरू केल्यावर काचेसारखे नितळ येते. स्टीलच्या गुंडात रात्रभर ठेवले, तर सकाळी तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो, आणि गुंडाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर एक काळपट कडा उमटते, जी चिंच लावून घासली तरच निघते. संडासाच्या फ्लशच्या टाकीत हात घातला, तर बोटांना काजळीसारखा बुळबुळीत थर लागतो. पांढऱ्या कपड्यांवर चहा सांडल्यासारखे डाग पडत, आणि ते घालवायला ब्लीच वापरले की ते आणखी गडद होत. हा सगळा लोहाचा प्रताप, असेच आम्ही पंधरा वर्षे समजत होतो. तांबूस गाळ लोहाचाच होता. काळी कडा आणि ब्लीचने वाढणारे डाग मात्र मँगनीजचे होते, कारण विरघळलेल्या मँगनीजला ब्लीचमधला क्लोरीन मिळाला की त्याचे काळे ऑक्साइड तयार होते.

फिल्टरचा विचार सुरू झाला तो माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा. दूध पुरत नसल्याने नातीला दुसऱ्या महिन्यापासून पावडरचे दूध सुरू करावे लागले, आणि बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो पाणी कुठले वापरता, हा. बोअरचे, उकळून, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटते तितके त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. आमच्या सासूबाईंचा तुरटीवर फार विश्वास आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले मँगनीज पाण्यातच राहते, हे त्यांना पटवायला मला एक आठवडा लागला.

तपासणीच्या सेवेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त असते. ग्रामपंचायतीतल्या किटमध्ये लोह, फ्लोराइड, नायट्रेट यांच्या तपासण्या होत्या, मँगनीजची नव्हती. आरओ विकायला आलेल्या मुलाने टीडीएस मीटर बुडवून ४१० हा आकडा दाखवला आणि म्हणाला, "काकू, पाणी तर एक नंबर आहे." टीडीएस मीटर पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देते, लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मँगनीज असले काय आणि नसले काय, त्या आकड्यात फरक दिसत नाही. शेवटी मी नागपूरच्या एका मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत गेले. घरच्या बाटलीत आदल्या रात्री भरून नेलेला नमुना तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी घेतलाच नाही. त्यांनी बाटली उजेडात धरून तळाशी बसलेला पिवळसर वेटोळा दाखवला आणि म्हणाल्या, "जे मोजायचं ते तुम्ही बाटलीलाच चिकटवून आणलंय, बाई." मग त्यांनी तळाशी थोडे नायट्रिक आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली दिली, मोटर पाच मिनिटे चालू देऊन मग भरायला सांगितली, आणि बाटली विसळायची नाही असे दोनदा बजावले. आम्लामुळे धातू विरघळलेले राहतात, नाहीतर ते बाटलीच्या भिंतीला धरतात आणि अहवालात खोटा कमी आकडा येतो. त्या प्रयोगशाळेला माझ्याकडून पूर्ण गुण.

अहवाल आला : लोह १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर, मँगनीज ०.६२, सामू (पीएच, पाणी किती आम्लधर्मी याचे माप) ६.६.

०.६२ या आकड्याचा अर्थ काय, हे कळण्यासाठी मर्यादा पाहाव्या लागतात, आणि त्या पाहताना मी गोंधळले, कारण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा ०.१ आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेता येते. त्या मानकात मँगनीज हे शिसे आणि आर्सेनिक यांच्याबरोबरच्या विषारी पदार्थांच्या तक्त्यात नाही, तर जास्त प्रमाणात नकोशा असलेल्या पदार्थांच्या तक्त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०११ साली मँगनीजची आपली आधीची ०.४ ही मर्यादा काढूनच टाकली होती, कारण पिण्याच्या पाण्यात सहसा सापडणाऱ्या प्रमाणात ते आरोग्याला घातक नाही, असे तेव्हा मानले गेले. दहा वर्षांत ते मत बदलले, आणि आता त्यांचे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य ०.०८ आहे. कॅनडाने २०१९ साली ०.१२ ही आरोग्याची मर्यादा ठरवली, आणि डाग व चव यांसाठी ०.०२ हे त्याहून कडक उद्दिष्ट ठेवले.

मत बदलण्याचे कारण तान्ही बाळे आहेत, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. मँगनीज शरीराला लागणारे द्रव्य आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन मिलिग्रॅम लागते, ते धान्य, डाळी, दाणे आणि चहा यांतून सहज मिळते, आणि जास्तीचे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाची ही बाहेर टाकण्याची व्यवस्था अजून पक्व झालेली नसते आणि आतड्यातून शोषण मात्र मोठ्यांपेक्षा जास्त होते. आईच्या दुधात मँगनीज लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकेच असते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पुरेशी मानलेली मात्रा दिवसाला ०.००३ मिलिग्रॅम आहे. पाऊण लिटर पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात आमच्या बोअरच्या पाण्यातून दिवसाला ०.४५ मिलिग्रॅमच्या पुढे मँगनीज जात होते, म्हणजे त्या मात्रेच्या दीडशे पट, आणि पावडरमधले मँगनीज त्यात धरलेलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे ०.०८ हे मूल्य बाटलीने दूध पिणाऱ्या बाळालाच समोर ठेवून काढलेले आहे. शरीरात लोह कमी असले की मँगनीजचे शोषण वाढते, हेही इथे लक्षात घ्यावे लागते, कारण आपल्याकडे लहान मुलांमधला रक्तक्षय काही दुर्मीळ नाही.

जास्त झालेले मँगनीज मेंदूत, विशेषतः हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या आतल्या भागात साठते. हे पहिल्यांदा पाण्यामुळे नव्हे, धुळीमुळे कळले : १८३७ साली ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरांनी मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती गेल्याचे आणि चाल बिघडल्याचे वर्णन केले, आणि पुढे हा आजार कंपवातासारखा दिसतो हे स्पष्ट झाले. पाण्यातून थेट विषबाधा झाल्याचे जे उदाहरण नेहमी दिले जाते ते जपानमधले, १९४१ साली नोंदले गेलेले. विहिरीजवळ पुरलेल्या जुन्या कोरड्या बॅटरींतून मँगनीज पाण्यात उतरले आणि ते पाणी पिणारे लोक आजारी पडले, त्यांत मृत्यूही झाले. त्या विहिरींतले प्रमाण आमच्या बोअरच्या कित्येक पट होते, त्यामुळे ते वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या परिस्थितीला जवळचे अभ्यास मुलांवरचे आहेत. बांगलादेशातल्या अडाईहजार भागात दहा वर्षांच्या १४२ मुलांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, आणि पाण्यात मँगनीज जास्त तिथे मुलांचे बुद्धिमापनाचे गुण कमी, असे त्यात दिसले. २०११ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ६ ते १३ वर्षांच्या ३६२ मुलांची पाहणी झाली, तेव्हा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मँगनीजचे पाणी पिणाऱ्या गटांमध्ये बुद्ध्यंकाचा फरक ६.२ इतका आढळला. आणि तिथल्या त्या 'सर्वांत जास्त' गटाचे पाणी लिटरमागे साधारण ०.२ मिलिग्रॅमचे होते, म्हणजे आमच्या पाण्याच्या एकतृतीयांश. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे मी समजते. पण नातीच्या बाटलीत तेच पाणी घालणे थांबवायला तेवढी शंका मला पुरेशी वाटली, आणि व्यवस्था होईपर्यंत आम्ही आयएसआय शिक्क्याचे बाटलीबंद पाणी वापरले.

आता फिल्टर. स्वयंपाकघरातला आरओ मँगनीज काढू शकतो, हे खरे आहे. परंतु लोहाने आमच्या आधीच्या आरओची पटले (मेम्ब्रेन) चार चार महिन्यांत बुजवली होती, आणि टीडीएस ५०० च्या आत असलेल्या पाण्याला आरओ लावून त्यातले निम्म्याहून अधिक पाणी गटारात सोडणे मला पटत नव्हते. म्हणून बोअरच्या मोटरनंतर आणि गच्चीवरच्या टाकीच्या आधी बसणारा, संपूर्ण घराचा फिल्टर घेतला : १३ इंच व्यासाची, ५४ इंच उंचीची एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) टाकी, पाण्याची दिशा बदलणारा, हाताने फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, तळाला गारगोटी, त्यावर वाळू आणि त्यावर काळ्या दाण्यांचा जाड थर. किंमत बसवणुकीसह ३४,००० रुपये.

तो काळा दाणा पाहून मला हसू आले, कारण तो मँगनीज डायऑक्साइडच आहे. मँगनीज काढायला मँगनीजच, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागे तर्क आहे. पाण्यात विरघळलेले मँगनीज या दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटते, तिथेच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन घट्ट ऑक्साइड बनते आणि ते पाण्याबरोबर पुढे जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा तांबूस गाळ बंद झाला, गुंडाचा तळ स्वच्छ राहू लागला, विक्रेत्याने फोटो काढून नेला, शेजारच्या दोन घरांनी चौकशी केली. मी सवयीने पुन्हा नमुना पाठवला. लोह ०.१ वर आले होते. मँगनीज ०.४४.

विक्रेत्याला अहवाल दाखवल्यावर त्याचे उत्तर होते की पाणी तर स्वच्छ दिसते आहे, प्रयोगशाळेत काहीतरी चुकले असेल. हा माझा या सेवेवरचा मुख्य आक्षेप आहे. लोहाचे ऑक्सिडीकरण हवेने झटपट होते आणि ते गाळून निघते. मँगनीज हट्टी असते, नुसत्या हवेने ते पाण्यातून वेगळे व्हायला सामू ९ च्या पुढे लागतो, आणि काळ्या दाण्याची मदत असली तरी ६.६ सामूच्या पाण्यात ते दाण्यावर नीट धरत नाही. पहिल्या अहवालात सामूचा आकडा छापलेला होता आणि फिल्टर ठरवताना तो अहवाल विक्रेत्याच्या हातात होता. त्याने तो वाचला नाही, किंवा त्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता. त्याने सुचवलेला उपाय म्हणजे दर आठवड्याला फिल्टरमध्ये पोटॅशियम परमँगनेट सोडणे. काही प्रकारच्या दाण्यांना ते लागतेही, पण मात्रा थोडी जास्त झाली की नळाला गुलाबी पाणी येते आणि परमँगनेटमधले मँगनीज पुन्हा पाण्यातच मिसळते. ते मी नाकारले.

उपाय शेवटी प्रयोगशाळेतल्या त्याच बाईंनी सांगितला, आणि त्यासाठी आणखी १७,५०० रुपये गेले. मोटरच्या लाइनवर सोडियम हायपोक्लोराइटचे थेंब सोडणारा छोटा डोसिंग पंप बसवला, त्यानंतर संगमरवराच्या दाण्यांची एक टाकी आणि मग जुना काळ्या दाण्यांचा फिल्टर. संगमरवर हळूहळू विरघळून सामू वाढवतो, क्लोरीन मँगनीजचे ऑक्सिडीकरण करतो आणि काळ्या दाण्याचा पृष्ठभाग सतत ताजा ठेवतो. तीन आठवड्यांनी केलेल्या तिसऱ्या तपासणीत सामू ७.४ आणि मँगनीज ०.०३ आले. नळाला क्लोरीन ०.२ च्या आसपास राहील इतकीच मात्रा ठेवली आहे. त्याची पट्टी मी दर रविवारी बुडवून पाहते.

या बदलानंतरच्या पहिल्या आठवड्यात नळाला अक्षरशः शाईसारखे पाणी आले आणि घरात हाहाकार झाला. ते नवे मँगनीज नव्हते. पंधरा वर्षांत पाइपांच्या आत बसलेला काळा थर क्लोरीनमुळे सुटत होता. गच्चीवरची टाकी रिकामी करून तिचा तळ खरवडला, तेव्हा दोन घमेली काळा चिखल निघाला. हे होणार आहे, असे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते. ज्यांच्याकडे जुनी पाइपलाइन आहे, त्यांनी टाकी आणि पाइप धुऊन घेतल्याशिवाय ते पाणी पिण्यासाठी भरू नये.

देखभालीचा त्रास आहे आणि तो कमी लेखू नये. काळ्या दाण्यांचा फिल्टर एक दिवसाआड दहा-बारा मिनिटे उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा लागतो, म्हणजे बॅकवॉश करावा लागतो. हे दाणे वजनदार असल्यामुळे बॅकवॉशला पाण्याचा जोर लागतो; गच्चीवरच्या टाकीच्या उतारावर तो मिळत नाही, थेट मोटरचाच लागतो. प्रत्येक वेळी पाचशे लिटरच्या आसपास पाणी जाते, ते आम्ही परसातल्या शोषखड्ड्यात सोडतो. संगमरवराच्या दाण्यांवर लोहाचा नारिंगी लेप बसतो, त्यामुळे ती टाकीही आठवड्यातून एकदा धुवावी लागते, आणि दाणे झिजत असल्याने दर चार महिन्यांनी भर घालावी लागते. पाण्याचा जडपणा किंचित वाढला आहे, डाळ शिजायला पूर्वीपेक्षा थोडा वेळ लागतो, असे सासूबाईंचे म्हणणे आहे.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बोअरची पातळी खाली गेली, मोटर पाच-सहा मिनिटांत हवा ओढू लागली आणि बॅकवॉश अर्धवट होऊ लागला. नळाचे पाणी तेव्हाही नितळच दिसत होते. काचेच्या ग्लासात ते घेऊन त्यात ब्लीचचे चार थेंब टाकले आणि ग्लास झाकून पांढऱ्या कागदावर ठेवला, तर सकाळी त्याला अगदी फिकट तपकिरी छटा आलेली होती. फेब्रुवारीत हाच प्रयोग केला तेव्हा पाणी रंगहीन राहिले होते. चौथा नमुना पाठवला, तो ०.०७ आला. मर्यादेच्या आत, पण ०.०३ वरून वर सरकलेला. तेव्हापासून उन्हाळ्यात बॅकवॉश दोन हप्त्यांत करतो, मध्ये तासभर बोअरला विश्रांती देऊन.

गुण द्यायचे तर फिल्टरला पाचपैकी चार, प्रयोगशाळेला पाच, आणि विक्रेत्याच्या सेवेला दोन, तेही चूक दाखवल्यावर त्याने सुधारणेची मजुरी घेतली नाही म्हणून. त्याने पुढे केलेला वर्षाला ६,००० रुपयांचा देखभाल करार मी घेतला नाही, कारण त्यात व्हॉल्व्ह आणि दाणे होते, पाण्याची तपासणी नव्हती. त्या रकमेतून वर्षाला दोन नमुने तपासून घेते; चारही तपासण्यांचा खर्च मिळून साडेतीन हजारांच्या आत राहिला आहे. नात आता दीड वर्षाची झाली, नागपूरला असते, आणि इथे आली की गुंडातलेच पाणी पिते.